पॅनेल चीनचं, म्हणून धंदाही चीनचाच?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मथितार्थ असा: 'हरित ऊर्जेत संधीबिंधी काही नाही. माल चीनमधून येतो, धंदा सरकारी अनुदानावर तगतो, पैसा बड्या कंपन्या नेतात आणि एकदा पॅनेल बसलं की पंचवीस वर्षं कुणाला काम नाही.' यातला माल चीनमधून येण्याचा मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सौर पॅनेलच्या निर्मितीत प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, हे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्येच मांडलं होतं. नवा कारखाना काढून या चीनशी किमतीत भिडू म्हणणाऱ्याला मीही दहादा विचार करायला सांगेन. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने बॅटऱ्यांच्या बाबतीत ते धाडस केलं, अब्जावधी डॉलर उभे केले आणि मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला.

पण छपरावरच्या यंत्रणेचं बिल नीट पाहा. अमेरिकेत घरगुती सौर यंत्रणेला वॅटमागे साधारण तीन डॉलर पडतात आणि त्यात पॅनेलचा हिस्सा अगदी थोडा असतो. ऑस्ट्रेलियात तशीच यंत्रणा निम्म्याहून कमी पैशांत उभी राहते. अमेरिकेचं आयातशुल्क जमेस धरलं तरी एवढा फरक पॅनेलमुळे पडत नाही. तो पडतो परवानग्यांच्या कागदांत, गिऱ्हाईक मिळवण्याच्या खर्चात, तपासणीच्या खेपांत आणि बसवणाऱ्यांच्या हातोटीत. ऑस्ट्रेलियात परवानगीची कटकट कमी, शेजाऱ्याचं पाहून शेजारी विचारायला येतो, आणि सरावलेली टोळी बहुतेक घरांचं काम एका दिवसात उरकते. हे सगळं काम स्थानिक माणसांचं आहे, ते कंटेनरमधून येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याची नजर मात्र पॅनेलमागच्या शिक्क्यावरच अडकलेली दिसते.

आता अनुदान. स्पेनचा दाखला मेसेजच्या बाजूने जातो, हे मान्य. २००८ मध्ये विजेला मिळणाऱ्या घसघशीत सरकारी दरामुळे तिथे सौर प्रकल्पांची झुंबड उडाली. सरकारने दर कापले, वर्षाला किती प्रकल्प घ्यायचे यावर मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. पुढे तर आधीच्या प्रकल्पांच्या मिळकतीलाही कात्री लागली. केवळ सरकारी दरावर बेतलेला धंदा बुडतो, इतकं यातून नक्की ठरतं. मात्र २०१० ते २०२३ या काळात मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च जगभरात सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. पाकिस्तानने २०२४ मध्ये जवळपास १७ गिगावॅटची (एक गिगावॅट म्हणजे शंभर कोटी वॅट) पॅनेलं आयात केली, तीही कुठल्या मोठ्या सरकारी योजनेशिवाय. वीज इतकी महागली आणि इतकी बेभरवशाची झाली की कारखानदार, शेतकरी, घरमालक आपापल्या खिशातून खरेदीला निघाले.

बड्या कंपन्यांचं म्हणाल तर समुद्रातल्या पवनचक्क्या हे खरोखरच थोरामोठ्यांचं काम. तरी डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोरच्या समुद्रातल्या मिडेलग्रुंडेन प्रकल्पाच्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या उभारणीच्या वेळी एका सहकारी संस्थेने घेतल्या. तिचे सभासद होते साडेआठ हजारांच्या आसपास, बहुतेक साधे नागरिक. सहकार जाणणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

राहिला शेवटचा मुद्दा, पॅनेल बसलं की काम संपतं हा, आणि मेसेजमधला सर्वांत कच्चा तोच आहे. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, पण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर साधारण दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो. धूळ काढा, सैल जोडण्या आवळा, पॅनेलांची कुठली ओळ कमी वीज देतेय ते शोधा, हे चालूच राहतं. पॅनेलं निकामी झाली की काच, ॲल्युमिनियम आणि चांदी वेगळी काढायचं काम निघतं. २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार असा कचरा २०५० पर्यंत ७ कोटी ८० लाख टनांवर जाऊ शकतो.

शिवाय तारांचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही! २०२३ च्या हिशेबाप्रमाणे जगभरात किमान ३,००० गिगावॅटचे अक्षय ऊर्जा प्रकल्प ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडून मिळण्याच्या रांगेत होते. मोठा ट्रान्सफॉर्मर आज मागवला तर तो हाती यायला चार वर्षंही लागू शकतात. तोवर जुने ट्रान्सफॉर्मर तपासून, तेल बदलून, दुरुस्त करून चालवावे लागतात. हे करू शकणाऱ्याला काम शोधत फिरावं लागेल असं मला तरी वाटत नाही.