ताई, रंग हवेतून येत नाही: व्हर्च्युअल स्टेनिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई. व्हर्च्युअल स्टेनिंग म्हणजे टिश्यूला खरा रंग न लावता, त्याच्या फोटोवरून कम्प्युटरने रंगवलेलं चित्र तयार करणं. त्यावर "कम्प्युटरने रंगवलेल्या चित्रावर कॅन्सरचं निदान म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ, जे नाही ते मशीन मनाने घालणार" असं तुम्ही लिहिलंय, आणि तुम्ही स्वतः सोलापुरात लॅबमध्ये स्लाइड स्टेन करता, म्हणून नीट उत्तर देतो.

मनाने घालायचं म्हटलं तर आधी हे बघा, की न रंगवलेल्या सेक्शनवर, म्हणजे टिश्यूच्या पातळ कापावर, यूव्ही लाइट टाकला की कोलॅजनसारखे त्यातलेच पदार्थ मंद चमकतात. 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या आयदोगान ओझ्जान यांच्या ग्रुपने त्या चमकेचे फोटो घेतले, मग तेच सेक्शन नेहमीसारखं स्टेन करून दोन्ही फोटो तंतोतंत जुळवले आणि त्यावरून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या कम्प्युटर प्रोग्रॅमला, शिकवलं. लाळग्रंथी आणि थायरॉइडला एच अँड ई, किडनीला जोन्स, लिव्हर आणि फुप्फुसाला मॅसन ट्रायक्रोम, असे लॅबमधलेच वेगवेगळे स्टेन. म्हणजे चित्राला खालून खऱ्या टिश्यूचा आधार आहे.

पण तुमची भीती खोटी नाही. हे नेटवर्क खऱ्यासारखं दिसणारं चित्र काढायलाच शिकलेलं असतं, त्यामुळे चुकलं तरी चूक सुबकच दिसते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच वाटते. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तपासतात त्या एचईआर-टू प्रोटीनसाठीही हे करून बघितलंय, तिथे प्रोटीन स्वतः चमकून सांगत नाही, नेटवर्क आजूबाजूच्या रचनेवरून अंदाज बांधतं, म्हणून तिथे मी जास्तच सावध राहीन.

तरी मी ह्याच्या बाजूने का, तर सेक्शन शाबूत राहतं हो! शंका आली तर तेच सेक्शन उचला आणि खरं स्टेन करा, ताळा जागच्या जागी. आपल्याकडे मावा-तंबाखूवाल्यांच्या तोंडातली बायोप्सी येते, एवढासा तुकडा, एका स्टेनसाठी एक, दुसऱ्यासाठी दुसरं असं कापत गेलं की ब्लॉकच, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडाच, संपतो आणि पेशंटची परत बायोप्सी. इथे एकाच सेक्शनवरून दोन-तीन स्टेन बघता येतील.

मात्र बाहेरच्या स्लाइडवर शिकलेलं नेटवर्क आपल्या लॅबमध्ये आणून लगेच रिपोर्ट द्यायचा, ह्याला माझा सक्त विरोध आहे. सेक्शनची जाडी वेगळी, घड्या, स्कॅनर वेगळा. आपल्याच ब्लॉकवर शिकवायचं, खरं स्टेन सोबत चालू ठेवायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून चूक पकडायला तुमच्यासारखीच नजर लागणार.

एक विचारायचं होतं, शनिवारी दुपारी आलेली बायोप्सी तुमच्याकडे सोमवारपर्यंत टिश्यू टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्येच राहते का? फॉर्मॅलिनने ही चमक बदलते, म्हणून विचारतोय, जरूर लिहा.