पाहुण्यांना गवत, घरच्यांना प्लास्टिक

१३ जुलै २०२५ ला इथे न्यू जर्सीत, मेटलाइफ स्टेडियमवर फुटबॉलच्या क्लब विश्वचषकाची फायनल झाली. चेल्सीने पॅरिसवाल्यांना ३-० असं धुतलं. सामना खऱ्याखुऱ्या गवतावर झाला, कारण एरवी तिथे असलेल्या प्लास्टिकच्या टर्फवर त्या स्पर्धेपुरतं गवत आणून अंथरलं होतं. स्पर्धा संपली, गवत गेलं. सप्टेंबरमध्ये एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, सुरू झाली आणि २८ तारखेला न्यूयॉर्क जायंट्स संघाचा मलिक नेबर्स त्याच स्टेडियमच्या टर्फवर चेंडूसाठी झेपावला तो गुडघा धरूनच पडला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, फाटलं, हंगाम खलास.

टर्फमुळेच झालं असं शपथेवर कोणी सांगू शकत नाही. गवतावरही गुडघे जातात. पण या मैदानाचा लौकिकच असा आहे की नुसतं नाव निघालं तरी खेळाडू तोंड वाकडं करतात. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या निक बोसा आणि सॉलोमन थॉमस या दोघांची एसीएल इथे एकाच सामन्यात गेली. २०२३ मध्ये ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्स संघाकडून पहिल्यांदाच खेळायला उतरला आणि चौथ्याच डावात (प्लेमध्ये) त्याचं अकिलीस, टाचेमागचा स्नायूबंध, तुटलं. (त्याला प्रतिस्पर्ध्याने धरलं होतं, त्यामुळे ती केस शंभर टक्के टर्फच्या खात्यावर टाकता येणार नाही, हेही खरं. शिवाय बोसाच्या वेळचं टर्फ वेगळं होतं, २०२३ मध्ये ते बदललं.)

मुद्दा साधा आहे. सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस जीव खाऊन पळतो आणि मधेच एकदम दिशा बदलतो. बुटाचे खिळे जमिनीत रुतलेले असतात. गवत असेल तर मातीसकट ढेकूळ निघतं आणि पाय सुटतो. टर्फमध्ये काही निघतच नाही. पाय तिथेच, शरीर पुढे, आणि सगळा पीळ घोट्यात नाही तर गुडघ्यात. खेळाडूंच्या संघटनेने २०२० मध्ये लीगच्याच २०१२ ते २०१८ च्या नोंदींवरून आकडे मांडले होते: कोणाचा धक्का न लागता होणाऱ्या पायाच्या दुखापतींचं प्रमाण टर्फवर २८ टक्के जास्त, त्यातही पाऊल आणि घोट्याचं ६९ टक्के जास्त.

लीगचं म्हणणं, अलीकडच्या काही हंगामांत फरक नगण्य आहे आणि टर्फ-टर्फमध्येही फरक असतो. हे दुसरं मला पटतं. स्लिट फिल्म नावाचा, प्लास्टिकच्या पातळ चिरलेल्या पट्ट्यांचा, जो टर्फचा प्रकार आहे, त्यावर तर बंदीच घाला असं संघटनेने २०२२ मध्ये म्हटलं होतं. पण सरासरी काढून विषय संपत नाही. ज्याच्या पायावर त्याचं पोट आहे तो खेळाडू गवत मागतोय, आणि काचेच्या बॉक्समध्ये बसलेला मालक त्याला तक्ता दाखवतोय.

आमच्या घरी टर्फ येतं ते मुलाच्या मोज्यांतून. शाळेच्या मैदानावरून आला की बूट झटकायला बाहेर पाठवतो, तरी जिन्यावर, गाडीत, वॉशिंग मशीनच्या रबरी कडेत ते काळे दाणे सापडतातच. जुन्या टायरचा चुरा आहे तो, प्लास्टिकच्या पात्यांमध्ये भरतात. घसरून पडला की मांडीची सालं निघतात ती वेगळीच. आणि ऑगस्टच्या दुपारी त्यावर नुसता हात टेकवून बघा.

हे सुरू झालं नाइलाज म्हणून. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम १९६५ मध्ये उघडलं. छत पारदर्शक होतं, पण त्यातून येणाऱ्या झगझगाटात बेसबॉलवाल्यांना उंच चेंडू दिसेना, म्हणून छत रंगवलं. मग ऊन मिळेना, गवत मेलं आणि १९६६ मध्ये प्लास्टिक आलं. ॲस्ट्रोटर्फ हे नाव तिथलं. (आपल्या हॉकीवाल्यांना ते १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमुळे पाठ आहे. भारत सातवा आला होता.)

आता तो नाइलाज उरलाय का? थंडी म्हणाल तर ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर गवत आहे, आणि तिथली थंडी ज्याने पाहिली त्याने मला थंडीचं कारण सांगू नये. एका मैदानावर दोन संघ म्हणाल, तर पिट्सबर्गमध्ये स्टीलर्स आणि विद्यापीठाचा संघ एकाच गवतावर खेळतात. छत म्हणाल, तर ॲरिझोनात ग्लेंडेलला २००६ पासून अख्खं मैदान भल्यामोठ्या ट्रेमधून उन्हात बाहेर काढतात. तिथल्याच २०२३ च्या सुपर बोलला, म्हणजे एनएफएलच्या फायनलला, खेळाडू सारखे घसरत होते, म्हणजे नुसतं गवत टाकून भागत नाही, ते राखणारा माळी आणि त्याच्या हातात पैसा हवा. बरं, फिफाने २०२६ च्या विश्वचषकासाठी गवताची अट घातली तेव्हा टर्फवाल्या सात अमेरिकन स्टेडियमनी ती निमूटपणे मानली. महिनाभराचं गवत आणि वर्षभराचं गवत यांत खर्चाचा फरक आहे, मान्य. पण मग सरळ खर्च म्हणा ना! विज्ञानाची ढाल कशाला?

माझा राग थोडा संघटनेवरही आहे. निवेदनं काढून हे मालक हलणार नाहीत. त्यांना आता हंगामात प्रत्येक संघाचे १७ ऐवजी १८ सामने हवेत, म्हणजे आणखी एक रविवार, आणखी टीव्हीचा पैसा. खेळाडूंशी असलेला सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे, त्यामुळे अठरावा सामना हवा असेल तर त्यांना खेळाडूंशी बोलणी करावीच लागतील. तेव्हा पगारवाढीच्या आधी गवत मागा. प्रत्येक स्टेडियमवर, लेखी, तारखेसकट. नाही म्हणाले तर सतरावरच थांबा.