‘एकदा रिपेअर झालं की दहा वर्षं बघायला नको’ हे खरं नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: ‘पॉलिमर ट्रीटमेंट झालेल्या इमारतीला दहा वर्षांची गॅरंटी असते. मध्ये तडे गेले तर तेवढाच भाग फोडून भरा. ऑडिटवर पैसे घालवू नका, जबाबदारी जुन्या कंत्राटदाराची.’ पॉलिमर ट्रीटमेंट म्हणजे गंजलेली सळई साफ करून तो भाग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) पुन्हा भरणं, आणि ऑडिट म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी. मेसेजमधलं एकेक वाक्य धोक्याचं आहे.

‘तेवढाच भाग भरा.’ मुंबईसारख्या किनारपट्टीवर काँक्रीटमध्ये बरेचदा क्षार मुरलेले असतात. तिथे नुसता पॅच मारला की नव्या मॉर्टरमधली सळई सुरक्षित होते आणि तिच्या शेजारची, क्षारयुक्त जुन्या काँक्रीटमधली सळई आधीपेक्षा जोरात गंजू लागते. म्हणून दुसऱ्या खेपेचा तडा बरेचदा पॅचच्या कडेनेच उमटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. हाफ-सेल चाचणीने (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाची शक्यता दाखवणारी चाचणी) गंज कुठवर पोचलाय ते पाहून, सळईच्या मागेपर्यंत खराब काँक्रीट काढावंच लागतं. तेही टेकू लावून! कारण जुन्या दुरुस्तीने कॉलम जाड दिसतो, पण कॉलम भार सांभाळत असताना वरून चढवलेलं मॉर्टर त्या वेळचा भार उचलत नसतं.

‘ऑडिट नको.’ महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. दुरुस्ती झाली म्हणून यातून सुटका नाही. मात्र ऑडिटही नीट हवं. दुरुस्त केलेल्या कॉलमवर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणारं उपकरण) मारला तर आकडा वरच्या मॉर्टरचा येतो, आतल्या काँक्रीटचा नाही. कोअर, म्हणजे आतपर्यंत कापलेला काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढा, ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते नकाशावर मांडा, आणि मागच्या दुरुस्तीची बिलं-मोजमापं इंजिनिअरच्या हातात द्या.

‘जबाबदारी जुन्या कंत्राटदाराची.’ गॅरंटीचा कागद आधी वाचा. पुष्कळदा तो फक्त गळतीपुरता असतो. शिवाय मुदती आहेत: ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, करारभंगाच्या दाव्याला ३ वर्षं. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नव्या कंत्राटदाराने छिन्नी लावली की जुन्या कामाचा पुरावाच डेब्रिजमध्ये जातो. आधी जुन्या कंत्राटदाराला लेखी नोटीस द्या, त्याला बोलावून संयुक्त पाहणी करा, तारखेसह फोटो आणि कोअरचे नमुने राखून ठेवा. फोडकाम त्यानंतर.