चौकोनातली अर्धा इंच जागा

यंदाच्या जुलैत मी ठरवलं, महिना आखून जगायचा. मोबाइल आहे, पण त्यातली आठवण वाजली की डोक्याच्या आधी अंगठाच ती बंद करून टाकतो. म्हणून कागदी कॅलेंडर. ते आमच्याकडे सांगलीला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलेलंच होतं, दोरीला पेन बांधून. कालनिर्णय १९७३ साली निघालं आणि आई-बाबांचं लग्नही त्याच साली झालं. दोन्हींपैकी वेळ एकच पाळतं, असं आईचं मत.

पेन उचललं तोच बायको म्हणाली, "अहो, तिथं नको. तिथं दूध येतं."

"मग वर लिहितो."

"वर आईंचे उपास असतात."

"खाली?"

"खाली बाबांचं पाणी."

तिचं खरं होतं. मधे दुधाचे दीड-एक, खाड्याला फुली. फुलीला गोल असेल तर तो कामाच्या मावशींचा खाडा. कोपऱ्यात 'सि', म्हणजे नवं सिलिंडर जोडलं. आई संकष्टीला लाल वेटोळं घालते आणि ती मंगळवारी आली तर अंगारकीचं दुहेरी, ते सरळ बुधवारात घुसतं. शिवाय ती तिथीनं चालते, मी तारखेनं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. पंचांगवाले अधिक महिना घालून ते ताळ्यावर आणतात. आमच्या घरात तेवढीही सोय नाही.

बाबांचं पाणी म्हणजे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. पाऊस लागला की ते रोज फुटांचा आकडा मांडतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टचं पान त्यांनी रद्दीत जाऊ दिलेलं नाही. त्यावर ५७ लिहिलंय. ते गुंडाळी करून माळ्यावर ठेवलंय, म्हणजे पाणी आलंच तरी ते भिजणार नाही.

मागे एकदा सप्टेंबरच्या एक तारखेला दुधाचा हिशेब चालला होता. नवं पान उलटलेलं, म्हणून कॅलेंडर खाली काढावं लागलं. सोबत खिळा आणि मूठभर गिलावाही आला. बायको वाचत होती, "पाच तारीख दीड, सहा तारीख दीड, सात तारीख एकोणचाळीस."

दूधवाले मामा वहीतून मान वर काढून म्हणाले, "वहिनी, एवढं तर मी अख्ख्या गल्लीला घालत न्हाई."

असो. मला अर्धा इंच जागा मिळाली, १४ तारखेच्या चौकोनात, चतुर्दशी की काय होतं त्याला खेटून. त्यात बारीक अक्षरात लिहिलं : 'दा ११'. दातांचे डॉक्टर, अकरा वाजता.

त्या दिवशी दाढ काढून एकच्या सुमारास घरी आलो. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. दारातच वेलदोड्याचा वास आला. आत कटाची आमटी उकळत होती आणि पुरणपोळ्यांची चळत झाकून ठेवलेली.

"दादा कुठं राहिला?" आईनं विचारलं. "अकराला यायचा होता ना? तूच लिहिलंयस की."

दादा पुण्याला असतो. मी बोट दाखवून, जीव तोडून म्हणालो, "आई, दाद! दाद!"

"तेच विचारतेय मी. कुठाय तो?"

बधिर तोंडात 'त'चा 'द' होतो हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी कापूस दाखवला तेव्हा उलगडा झाला. पण तोवर बाबांनी पुण्याला फोन लावलेला. आई मोठ्यानं म्हणाली, "आणि ह्या वीस पोळ्या कोण खाणार? ह्याला तर आज चावायचं नाही."

ते पलीकडे ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता दादा, वहिनी आणि दोन्ही पोरं दारात उभी.

बायकोनं १५ तारखेच्या चौकोनात दुधाचे तीन लिटर मांडले.