वार पडेपर्यंत वासरू उपाशी ठेवा म्हणणाऱ्यांना

दोन-चार जनावरं पाळणाऱ्यांसाठी 'आजोबांच्या काळातले सात नियम' असा एक मेसेज गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्याकडे चार वेळा आला आणि चारही वेळा मी तो न वाचता पुसला. आता तो आमच्याच गोठ्यात शिरलाय, म्हणून लिहायला बसले.

सासवडजवळ माझ्या भावाची अडीच एकर जमीन आहे, दोन संकरित गाई आहेत. थोरली गाय रविवारी पहाटे तीनला व्याली, कालवड झाली. सकाळी दहाला दुधाच्या टेम्पोबरोबर चिकाची, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधाची, किटली पुण्यात सिंहगड रस्त्यावर माझ्या दारात हजर. मी आनंदाने फोन केला, कालवड नीट पिते ना म्हणून विचारलं. भाऊ म्हणाला, "ताई, अजून तोंड नाही लावू दिलं. वार कुठं पडलीय? मेसेजमध्ये लिहिलंय ना." वार ही पोटात वासराला पोसणारी आणि त्याच्यामागून पडणारी झिल्ली. म्हणजे सात तासांत चीक पुण्यात माझ्या ओट्यावर पोचला होता, आणि ज्या लेकरासाठी तो आईच्या सडात उतरला ते तिच्यापासून चार हातांवर उपाशी बांधलेलं होतं.

हा त्या मेसेजचा पहिला नियम: 'वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, हगवण लागते, आणि वारही अडकते.' यातला एकेक शब्द उलटा आहे.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं मिळतात. गाईच्या वारेची रचनाच अशी की ती प्रथिनं तिच्यातून पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायचं कुठलंही हत्यार त्याच्याजवळ नसतं, ते सगळं चिकात असतं. वासराच्या आतड्यातून ही प्रथिनं जशीच्या तशी रक्तात जातात, पण ते दार जन्मल्यापासूनच मिटायला लागतं आणि साधारण २४ तासांत बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी ते नुसतं अन्न. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा सल्ला अगदी सरळ आहे: व्याल्यापासून पहिल्या दोन तासांत दोन लिटर, आणि बारा तासांच्या आत आणखी एक ते दोन लिटर. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, असा हिशोब गोठ्यावर लक्षात ठेवायला सोपा. दोन तास म्हटलंय. वारेचा त्यात उल्लेखही नाही.

उलट वासरू सडाला लुचलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने पान्हा फुटतो, गर्भपिशवीही आवळते आणि वार सुटायला मदत होते. वार लवकर पडावी असं वाटत असेल तर वासराला आधी सोडा!

हगवणीचं म्हणाल तर चीक सारक असतो, हे खरं. पोटात साठलेली काळी चिकट विष्ठा त्याने बाहेर पडते आणि ती पडायलाच हवी. घाणेरड्या भांड्यातून पाजलं किंवा अती पाजलं तरी वासरू हगतं. त्यावर उपाय भांडं घासणं, उपाशी मारणं नव्हे.

आमच्या कालवडीला दुपारी एकला चीक मिळाला. तिसऱ्या दिवशी पांढरी हगवण सुरू झाली. डॉक्टरांनी दोन दिवस सलाईन लावलं, भावजय रात्रभर पोत्याची ऊब देत बसली. सहाव्या दिवशी कालवड गेली. उशिरा मिळालेल्या चिकामुळेच गेली असं शपथेवर कुणी सांगणार नाही. मला मात्र ते दहा तास विसरता येत नाहीत.

दुसरा नियम, अडकलेल्या वारेला दगड किंवा चप्पल बांधा. कृपा करा, असलं काही करू नका. ओझ्याने वार तुटते, उरलेला तुकडा आत सडतो, कधी गर्भपिशवीच बाहेर येते. बारा तास वाट पाहायची, नाही पडली तर डॉक्टर.

तिसरा, लसीने गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. लाळ्या-खुरकूतच्या लसीनंतर एक-दोन दिवस कणकण येते, दूध थोडं घटतं, हे मान्य करते. गाभडण्याच्या भीतीचं मूळ बहुधा ब्रुसेला या रोगाच्या लसीत असावं. ती जिवंत जंतूंची आहे, म्हणूनच ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदा देतात, गाभण गाईला देतच नाहीत. आणि जी लस टाळायला सांगताय ती गाभडवणाऱ्या रोगावरचीच आहे! ब्रुसेला माणसालाही होतो, कच्च्या दुधातून होतो, पडलेल्या वारेला उघडा हात लावल्याने होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या दोन्ही लसी फुकट टोचतात. तरी दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं?

पोटफुगीला गोडेतेल, हा चौथा. कोवळा लसूणघास खाऊन पोटात फेस झाला असेल तर डॉक्टर येईपर्यंत पाव लिटर तेल उपयोगी पडतं, आजोबांचं इथे बरोबर. पण मान वर ताणून, जीभ ओढून नळकांड्याने ओतलेलं तेल फुफ्फुसात जातं आणि फुगीतून वाचलेली गाय त्याने मरते. मेसेजात हे नाही.

पाचवा, लग्नातलं आणि मेसमधलं उरलेलं अन्न म्हणजे फुकटचा खुराक. पुण्याच्या आसपास हे फार चालतं. एकदम पाटीभर भात, बुंदी, पोळ्या पोटात गेल्या की तिथे आंबून आम्ल होतं, रवंथ थांबतं, जनावर दोन दिवसांत आडवं होतं. चतकोर भाकरीने काही होत नाही, पाटीने होतं. नाळेला राख लावायचा सहावा नियमही सोडा, टिंक्चर आयोडीन लावा. सातवा, गाय सतत दाव्याला बांधू नका, हा चांगला आहे. दूध देणारी गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते, मोकळी असली तर हवं तेव्हा जाऊन पिते.

किटलीतल्या चिकाचा खरवस मी केला नाही. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्याचा जरूर करावा, संकरित गाईला चीक भरपूर येतो. हा मात्र मी लिटर-लिटरच्या पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवलाय. तिथे तो काही महिने टिकतो. भावाची धाकटी गाय मार्गशीर्षात व्यायची आहे. तिच्या सडात चीक कमी उतरला तर पिशवी कोमट पाण्यात ठेवून वितळवायची, उकळायची नाही, उकळला की त्यातली प्रथिनं मरतात. हे मी भावजयीला फोनवर दोनदा सांगितलं, आणि तिने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलंय: दोन तास, दोन लिटर. खाली जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीसाठी फोन नंबर, १९६२.