उर्झिचेनीच्या ‘गरीब पोरांची’ गोष्ट: एका फॉरवर्डला उत्तर

फुटबॉलच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक पोस्ट पुन्हा वर येते. मजकुरात थोडाफार फरक असतो, सार ठरलेलं असतं. रोमानियातल्या १७ हजार वस्तीच्या एका खेड्यातल्या पोरांनी खिशात दमडी नसताना थेट देशाचं विजेतेपद पटकावलं. स्कॉटलंडच्या रेंजर्सला त्यांच्या घरात ४-१ नं लोळवलं, स्पेनच्या सेव्हिलाला आपल्या गावच्या मैदानावर पाणी पाजलं. पण चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा) खर्च झेपला नाही, दिवाळं निघालं, बड्या क्लबांनी उरलंसुरलं गिळलं आणि दोन वर्षांत क्लब संपला. खाली रडणारे इमोजी आणि ‘पैशानं खेळाचा खून केला’ अशी ओळ.

क्लबचं नाव युनिरेआ उर्झिचेनी. मला हा संघ आवडायचा, आजही आवडतो, म्हणूनच ही पोस्ट वाचून चिडचिड होते. त्यातला रेंजर्सचा स्कोअर खरा आहे, लोकसंख्या साधारण बरोबर आहे आणि क्लब बंद पडला हेही खरं. बाकीचं तपासायला बसलं की गोष्ट वेगळीच निघते.

आधी ‘खेडं’ आणि ‘गावातली पोरं’. उर्झिचेनी हे बुखारेस्टच्या ईशान्येला, गाडीनं तासाभराच्या अंतरावरचं छोटं शहर आहे. बरागानच्या सपाट, गव्हाच्या मैदानी प्रदेशातलं, यालोमित्सा जिल्ह्यातलं. (रोमानियन भाषेत ‘उर्झिका’ म्हणजे अंगाला लागली की आग होते ती वनस्पती, खाजकुयलीची लांबची बहीण म्हणा. गावाचं नाव त्यावरूनच.) क्लब १९५४ चा, आणि पहिली पन्नास वर्षं तो खालच्या विभागांत कुणाच्या खिजगणतीत नव्हता. इथवर पोस्टशी भांडण नाही.

पण २००९ मध्ये विजेता ठरलेला संघ त्या गल्ल्यांमधून आलेला नव्हता. गोलरक्षक गिएद्रिउस आर्लाउस्किस लिथुआनियाचा. पाब्लो ब्रांदान अर्जेंटिनाचा. व्हिओरेल फ्रुंझा मोल्दोवाचा, रिकार्दो व्हिलाना ब्राझीलचा. रोमानियन खेळाडूही गालामाज, बिलाश्को, आपोस्तोल, ओनोफ्राश असे ठिकठिकाणांहून जमवलेले. त्याच वर्षी सोरिन पारास्किव येऊन मिळाला, तो तर बुखारेस्टच्या स्तेआवाकडून युएफा कपची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा, २००९ पासून तिचं नाव युरोपा लीग) उपांत्य फेरी खेळून इटलीला जाऊन आलेला. ही सगळी विचारपूर्वक वेचून आणलेली माणसं. बहुतेकांना मोठ्या क्लबांनी सोडलेलं किंवा कधी विचारलेलंच नव्हतं, आणि खरं कौतुक तिथेच आहे. ‘गावातली पोरं’ म्हटलं की ज्यांनी ही निवड केली त्यांची मेहनत पुसली जाते.

निवड करणारे कोण, तर ‘दमडी नव्हती’ या दाव्याचं उत्तर इथेच मिळतं. क्लबचा मालक दुमित्रू बुक्शारू, उद्योजक. क्लबचा कारभार पाहायला त्यानं मिहाई स्तोइकाला आणलं. स्तोइकानं त्याआधी स्तेआवाचा कारभार पाहिलेला, रोमानियन फुटबॉलच्या बाजारातला पक्का गडी. आणि प्रशिक्षक दान पेत्रेस्कू. १९९५ ते २००० चेल्सीकडून खेळलेला, रोमानियासाठी ९५ सामने खेळलेला उजवा बचावपटू. असा माणूस २००६ मध्ये सतरा हजारांच्या गावात येतो आणि तीन वर्षं टिकतो, तो मारुतीला नवस बोलून येत नाही. बुखारेस्टच्या दिनामो किंवा स्तेआवाएवढा पैसा उर्झिचेनीकडे नव्हता हे मान्य. पण तो वेळेवर येत होता आणि एकाच माणसाच्या खिशातून येत होता. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचीच गरज पडणार आहे.

‘एका झटक्यात चँपियन’ हेही तसंच. पहिल्या विभागात बढती २००६ ची. पहिला हंगाम मधल्या जागांवर गेला. २००७-०८ मध्ये पाचवा क्रमांक, शिवाय रोमानियन कपची अंतिम फेरी, जी ते सीएफआर क्लुजकडून २-१ नं हरले. पुढच्या मोसमात युएफा कपात हॅम्बुर्गनं पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. आणि मग २००८-०९ चं विजेतेपद, तिमिशोआरा आणि दिनामोला मागे टाकून. तीन वर्षांची चढण आहे ही. कुठल्याही हंगामात आकाशातून काही पडलं नाही.

काही ठिकाणी या पोस्टमध्ये आणखी एक शेपूट असतं: ‘बुखारेस्टबाहेरचा पहिला विजेता.’ हे तर सपशेल चूक. क्रायोव्हाचा युनिव्हर्सिताते संघ १९९१ मध्ये विजेता होता, त्याआधीही होता. १९९२ ते २००७ अशी सोळा वर्षं मात्र विजेतेपद राजधानीच्या वेशीबाहेर गेलं नाही. ती साखळी तोडली २००८ मध्ये क्लुजनं. उर्झिचेनी दुसरे.

आता चॅम्पियन्स लीग. पोस्ट म्हणते, पात्रता फेऱ्यांत घाम गाळून ते गटात पोचले. एकही पात्रता सामना ते त्या वर्षी खेळले नाहीत. २००९-१० मध्ये रोमानियाच्या विजेत्याला गटात थेट जागा होती, आणि ती मिळवून दिली होती बव्हंशी त्याच बुखारेस्टच्या ‘बड्या’ क्लबांनी. २००६ मध्ये युएफा कपच्या उपांत्यपूर्व फेरीत स्तेआवा आणि रापिद हे एकाच शहराचे दोन संघ समोरासमोर आले होते. स्तेआवा पुढे उपांत्य फेरीत मिडल्सब्रोकडून हरला. त्या वर्षांत जमलेल्या गुणांवर देशाचं मानांकन चढलं आणि त्याचं फळ उर्झिचेनीच्या पदरात पडलं. म्हणजे पोस्टमधल्या खलनायकांनीच नायकासाठी दार उघडून ठेवलं होतं, पण असलं काही फॉरवर्डमध्ये शोभत नाही.

गट होता सेव्हिला, श्टुटगार्ट, रेंजर्स. सेव्हिलात ०-२. श्टुटगार्टशी १-१. मग २० ऑक्टोबर २००९ ची ग्लासगोची रात्र, आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे. तो सामना ज्या पद्धतीनं सांगितला जातो ती पद्धत दोन्ही संघांवर अन्याय करते.

रेंजर्स तेव्हा कुणी लिंबूटिंबू नव्हते. २००८ च्या युएफा कपची अंतिम फेरी खेळलेला संघ, त्या मोसमातही स्कॉटलंडचा विजेता ठरलेला. आपल्या आयब्रॉक्स मैदानावर सामना सुरू होताच त्यांनी आघाडी घेतली. पहिल्या सत्रातच त्यांना पेनल्टी मिळाली. स्टीव्हन डेव्हिसचा फटका आर्लाउस्किसनं अडवला. ती आत गेली असती तर आज ही पोस्टच नसती. बिलाश्कोनं ३२ व्या मिनिटाला बरोबरी केली. दुसऱ्या सत्रात लॅफर्टी आणि मॅककलक या रेंजर्सच्या दोन खेळाडूंकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेले, आणि ६५ व्या मिनिटाला ब्रांदाननं चौथा मारला. चारांतले दोन स्वयंगोल! ‘लोळवलं’ हा शब्द वापरणाऱ्यानं सामना पाहिलेला नाही एवढं नक्की. पण ‘नशीब’ म्हणून उडवून लावणाराही चुकतोच. ते स्वयंगोल आले कारण उर्झिचेनीचे खेळाडू चेंडू पुन्हा पुन्हा गोलसमोरच्या गर्दीत टाकत होते आणि बचाव गोंधळत होता. पेत्रेस्कूचा संघ देखणा नव्हता. मागे घट्ट, शिस्तीत, मग दोन-तीन पासांत पुढे. अशा संघांना गोल असेच मिळतात.

‘सेव्हिलाला गावच्या मैदानावर हरवलं’ हा दावा मात्र हसून सोडून देण्याजोगा. उर्झिचेनीच्या तिनेरेतुलुई स्टेडियमची क्षमता सात हजारांची, युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, कसोटीत न बसणारी. चॅम्पियन्स लीगचे तिन्ही ‘घरचे’ सामने बुखारेस्टमध्ये, स्तेआवाच्या गेंचा मैदानावर झाले. सेव्हिलाविरुद्धचा १-० विजय तिथलाच, आणि तो एकमेव गोलही ड्रागुतिनोविचचा स्वयंगोल! युरोपातली मोठी रात्र पाहायला उर्झिचेनीकरांना बसमध्ये बसून राजधानी गाठावी लागत होती.

रेंजर्सशी परतीच्या सामन्यातली बरोबरी धरून पाच सामन्यांनंतर आठ गुण. शेवटच्या सामन्यात श्टुटगार्टमध्ये नुसती बरोबरी केली असती तरी बाद फेरी होती. ९ डिसेंबरचा तो सामना पोस्टमध्ये कधीच नसतो, आणि मला तोच सगळ्यात जास्त छळतो. श्टुटगार्टनं तीनच दिवस आधी प्रशिक्षक बदलून ख्रिस्तिआन ग्रोसला आणलेलं. पहिल्या अकरा मिनिटांत तीन गोल. त्यातला पहिला कुणाचा, तर चिप्रिआन मारिकाचा, म्हणजे रोमानियनाचाच. तीन महिने जी शिस्त पुरली ती अकरा मिनिटांत उधळली. उर्झिचेनीच्या पोर्तुगीज सेमेदोनं नंतर एक परत केला, सामना ३-१ संपला. उर्झिचेनी तिसरे, युरोपा लीगकडे रवाना.

तिथे लिव्हरपूल. अॅनफिल्डवर ८१ व्या मिनिटापर्यंत गोलशून्य, मग एन्गोगचा गोल. बुखारेस्टमध्ये ब्रुनो फर्नांडिसनं आघाडी मिळवून दिली, पण मास्चेरानो, बाबेल आणि जेरार्डनं सामना ३-१ असा फिरवला. (फोटो टाकणाऱ्यांना विनंती: हा ब्रुनो फर्नांडिस मँचेस्टर युनायटेडवाला नव्हे. तो त्या वेळी पंधरा वर्षांचा होता.) आणि हे दोन सामने पेत्रेस्कूशिवाय झाले होते. २००९ संपता संपता तो रशियातल्या कुबान क्रास्नोदारला निघून गेला होता. त्याच्या जागी इस्रायलचा रॉनी लेव्ही आला.

आता मुख्य मुद्दा. चॅम्पियन्स लीगचा खर्च झेपला नाही म्हणून दिवाळं निघालं?

हिशेब सोपा आहे. २००९-१० मध्ये गटात खेळणाऱ्या प्रत्येक क्लबला युएफाकडून किमान ७१ लाख युरो मिळत होते. त्यावर विजयाला ८ लाख, बरोबरीला ४ लाख. उर्झिचेनीचे दोन विजय आणि दोन बरोबऱ्या, म्हणजे आणखी २४ लाख. एकूण ९५ लाख युरो, आणि प्रक्षेपण हक्कांच्या वाट्याचे पैसे वेगळे. सात हजारांच्या स्टेडियमवर खेळणाऱ्या क्लबनं एवढी रक्कम आधी कधी पाहिली असेल? चॅम्पियन्स लीगनं त्यांना बुडवलं असं म्हणणं म्हणजे पाऊस चांगला झाला म्हणून विहीर आटली असं म्हणणं.

शिवाय तो मोसम संपला तेव्हा क्लब बुडत नव्हता, लीगमध्ये दुसरा आला होता. २०१० च्या उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत झेनित सेंट पीटर्सबर्गनं एकूण १-० एवढ्याच फरकानं त्यांना बाहेर काढलं. मग युरोपा लीगच्या पात्रतेत हाय्दुक स्प्लितमध्ये ४-१ असा पराभव झाला आणि युरोपचं दार बंद झालं. त्यानंतर मालकानं दुकान आवरायला घेतलं. ब्रांदान, बिलाश्को, गालामाज, आपोस्तोल असे एकामागून एक स्तेआवाला विकले गेले. आर्लाउस्किस रुबिन कझानला गेला. ‘बड्या क्लबांनी गिळलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की गिळायला ताट कुणी वाढलं. विकत घेणाऱ्यानं पैसे मोजले, आणि विकायचा निर्णय मालकाचा होता.

उरलेल्या संघानं २०१०-११ चा मोसम कसाबसा ओढला आणि मैदानावरच्या निकालांनी तो खाली घसरला. दुसऱ्या विभागात क्लब उतरलाच नाही. २०११ च्या उन्हाळ्यात कारभार संपला. यामागे फेडरेशनचं कारस्थान वगैरे काही शोधू नका. त्याच उन्हाळ्यात लीगमध्ये दुसऱ्या आलेल्या तिमिशोआराला परवाना नाकारून खाली ढकललं गेलं आणि फेडरेशननं क्रायोव्हाच्या क्लबला बाहेर काढलं. ती प्रकरणं वादाची होती, त्यांवर लोक अजून भांडतात. उर्झिचेनीसाठी भांडायला कुणी उरलंच नव्हतं. ज्या एका खिशानं क्लब वर आणला तो मिटला, आणि मागे सभासद, समर्थकांची संघटना, दुसरा भागीदार असं काही उभं नव्हतं. सतरा हजारांच्या शहराच्या बळावर दुसऱ्या विभागातला खर्चही निघाला नसता, हे बुक्शारूला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

‘दिवाळं’ हा शब्द या गोष्टीत कुणाला लावायचाच असेल तर ऑक्टोबरच्या त्या रात्री हरलेल्या संघाला लावा. रेंजर्सची कंपनी २०१२ मध्ये अवसायनात गेली आणि क्लबला स्कॉटलंडच्या चौथ्या स्तरातून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यांच्यामागे मात्र आयब्रॉक्स भरून टाकणारे लोक होते, आणि ते चौथ्या स्तरातही येत राहिले.

राहता राहिली पोस्टची अलीकडे जोडलेली शेवटची ओळ: ‘२०२४ मध्ये युनिरेआ पुन्हा पहिल्या विभागात परतला!’ तो युनिरेआ स्लोबोझिया. त्याच यालोमित्सा जिल्ह्याच्या मुख्यालयाचा संघ, वेगळा क्लब, आणि २०२४ ला पहिल्यांदाच पहिल्या विभागात आलेला. ‘युनिरेआ’ म्हणजे एकीकरण. १८५९ आणि १९१८ च्या एकीकरणांमुळे रोमानियात हे नाव पावलोपावली भेटतं. आल्बा यूलियाचाही एक युनिरेआ आहे आणि तोही २००९-१० मध्ये पहिल्या विभागात होता. स्लोबोझियावाल्यांचं अभिनंदन जरूर करा, फक्त उर्झिचेनीचा फोटो लावून नको.