खुलासा : गाडीचं वॅक्स उन्हात ‘मुरत’ नाही

मागच्या रविवारी कॉलनीच्या ग्रुपवर मीच टाकलेला मेसेज नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत फिरून काल परत माझ्याकडेच आला, म्हणून हे लिहितो. त्यात होतं : ‘कार्नोबा वॅक्स भर उन्हात लावा, चांगलं मुरतं, वर्षभर चमक जात नाही.’ दोन्ही गोष्टी चूक, आणि चूक माझी.

वॅक्स रंगात मुरत नाही. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पातळ थर होऊन बसतं. तापल्या पत्र्यावर ते चटकन वाळतं आणि पुसताना पांढरे पट्टे राहतात. माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर राहिलेच, मायक्रोफायबरने घासून खांदा भरून आला. डब्यावर ‘सावलीत, गार पत्र्यावर लावा’ असं छापलेलं होतं. मी वाचलं नंतर.

कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर त्याची चमक खोल दिसते, पण टिकते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. मे महिन्यात, आपल्याकडच्या ४५ अंशांत, त्याहून कमीच धरा. टिकाऊपणा हवा तर सिंथेटिक सीलंट, म्हणजे रंगावर लावायचा कृत्रिम संरक्षक लेप, बरं. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, मग वरून कार्नोबा. ओरखड्यांना मात्र पॉलिशच लागतं, भाऊ.

थर उरलाय का ते पाणी शिंपडून पाहा : थेंब गोल उभे राहिले तर आहे, पाणी सपाट पसरलं तर गेला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा पाठवा.